थीमसोबत आलेलं प्लगइन की डिरेक्टरीतलं?

आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेस साइट गेली सहा वर्षं मी सांभाळतो. पुस्तकांची यादी, कार्यक्रमांचे फोटो आणि सभासदांचे नाव-पत्ते असा तिचा पसारा. मुखपृष्ठावर फिरती चित्रं हवी होती. त्यासाठी स्लायडर लागतो, म्हणजे एक प्लगइन, साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. तो विकतच्या थीमसोबत (साइटच्या तयार रूपासोबत) येणारा घ्यावा, की वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतला, म्हणजे त्यांच्या अधिकृत यादीतला, मोफत? मी दोन्ही वापरलेत.

देखणेपणात थीमसोबतचा सरस, यात वाद नाही. डिरेक्टरीतला त्यामानाने साधा. पण सभासदांचे पत्ते त्याच डेटाबेसमध्ये आहेत हे ध्यानात आलं, तेव्हापासून मी प्लगइनकडे एसक्यूएल इंजेक्शनच्या बाजूनेच पाहतो, म्हणजे बाहेरच्या कुणाला साइटकडे पाठवलेल्या मजकुरात डेटाबेसचे हुकूम घुसडता येतील का, या बाजूने.

चूक दोन्हीकडे होते, आणि बहुतेकदा तीच होते. वेबपत्त्यातून आलेला आयडी आकडाच असणार असं धरून प्लगइनचा लेखक तो सरळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जोडतो; बाहेरची माहिती क्वेरीत सुरक्षितपणे बसवणारं प्रिपेअर फंक्शन वापरत नाही. कुणी त्याऐवजी नुसतं एस्केप करणारं फंक्शन वापरतं. ते अवतरणचिन्हं निकामी करतं, पण क्वेरीत त्या आकड्याभोवती मुळात अवतरणचिन्हंच नसतील तर त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे विकतचं प्लगइन म्हणजे कोड चांगला, असं मला तरी म्हणवत नाही. फरक पडतो तो दुरुस्ती आपल्यापर्यंत कशी पोचते यात.

ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगइनायझर या डिरेक्टरीतल्या, लॉगइनची राखण करणाऱ्या प्लगइनमध्ये असं भोक सापडलं, तेही लॉगइनच्या वेळी भरायच्या वापरकर्तानावातून. दहा लाखांहून जास्त साइट्सवर ते बसवलेलं होतं. वर्डप्रेसच्या सुरक्षा पथकाने दुरुस्त केलेली १.६.४ आवृत्ती सक्तीने सगळीकडे पाठवली, ऑटो-अपडेट बंद ठेवणाऱ्यांकडेसुद्धा. न विचारता अपडेट केलं म्हणून काहीजण रागावले. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण माझ्यासारख्या रविवारीच साइट उघडणाऱ्याला तो आधार वाटतो. प्लगइन डिरेक्टरीत होतं म्हणूनच हे जमलं.

मार्च २०२४ मध्ये लेयरस्लायडर या विकतच्या स्लायडरमध्ये त्याच जातीचं भोक निघालं. त्यासाठी लॉगइनही लागत नव्हतं. बनवणाऱ्यांनी दोन दिवसांत ७.१०.१ आवृत्ती काढली, म्हणजे त्यांच्याकडून उशीर झाला असं कुणी म्हणू नये. पण हे प्लगइन कितीतरी थीमसोबत जातं, आणि तिथेच माझी अडचण सुरू होते.

आमचा स्लायडर वेगळा होता. त्यात भोक असल्याचं मी वाचलं, डॅशबोर्ड उघडला, तर अपडेट उपलब्ध असल्याची सूचनाच नाही. पाहणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. मी हाताने अपडेट करू गेलो तर परचेस कोड, म्हणजे खरेदीचा पुरावा म्हणून मिळणारा क्रमांक, मागितला. तो आमच्याकडे नव्हता, कारण प्लगइनचं लायसन्स थीमवाल्याच्या नावावर. थीमवाल्याला लिहिलं तर उत्तर आलं, पुढच्या थीम अपडेटसोबत येईल. ते यायला एकोणीस दिवस लागले. दुरुस्ती जगात उपलब्ध होती, आम्ही थीमचे पैसेही मोजले होते, आणि तरी ती आमच्या हातात नव्हती. त्या दिवसांत मी रोज रात्री होस्टिंगचा अॅक्सेस लॉग, म्हणजे साइटकडे आलेल्या मागण्यांची नोंद, उघडून ‘स्लीप’ आणि ‘युनियन सिलेक्ट’ हे अशा हल्ल्यात दिसणारे डेटाबेसचे हुकूम शोधत बसायचो. पण ‘पोस्ट’ पद्धतीने, म्हणजे वेबपत्त्यात न दिसता, पाठवलेला मजकूर त्या लॉगमध्ये सहसा उमटत नाही, त्यामुळे काही न सापडूनही मन शांत होत नसे.

डिरेक्टरीतही सगळं आलबेल नाही. नवं प्लगइन आत घेताना तपासतात, पण पुढची प्रत्येक आवृत्ती तशी तपासली जातेच असं नाही. लेखकाने काम सोडलं आणि प्लगइन तिथून काढून टाकलं, तरी डॅशबोर्ड ते आपण होऊन सांगत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक प्लगइनचं पान उघडून ते शेवटचं कधी अपडेट झालं ते पाहावं लागतं. मी पाहतो, अर्धा तास जातो.

तुमच्या साइटला तो देखणा स्लायडर खरोखर हवाच असेल, तर थीमसोबतच्या प्रतीवर राहू नका. मूळ लेखकाकडून स्वतःच्या नावावर लायसन्स घ्या, म्हणजे अपडेट थेट येतील. छायाचित्रकाराला हा खर्च परवडावा. वाचनालय, शाळा, पतसंस्था यांना मी तरी डिरेक्टरीतलंच सुचवेन, आणि ऑटो-अपडेट चालू ठेवा असं म्हणेन. ती सोय ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगइनच्या यादीतच आहे.

जुनं प्लगइन नुसतं बंद करू नका, डिलीट करा. २०२४ मध्येच डब्ल्यूपी ऑटोमॅटिक या विकतच्या प्लगइनमधली सदोष फाइल तिच्या वेबपत्त्यावरून थेट उघडता येत होती. अशी फाइल सर्व्हरवर राहिली, तर प्लगइन बंद केलंय यावर विसंबता येत नाही. आत शिरलेले हल्लेखोर त्या फाइलचं नाव बदलून ठेवत, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्याच वाटेने येता येऊ नये.

आमची थीम तीच आहे. सोबतचं प्लगइन पुन्हा बसवा अशी पट्टी ती अजूनही डॅशबोर्डवर दाखवते, आणि मी ती दर वेळी बंद करतो.