नियतकालिकासाठी कॅनव्हा : सजावटीच्या पानांना उत्तम, लेखांच्या पानांना अपुरे

पुण्यातल्या बहुतेक महाविद्यालयांचे वार्षिक नियतकालिक कसे निघते, हे ज्यांनी ते काढले आहे त्यांनाच ठाऊक असते. जानेवारी संपेपर्यंत मजकूर येत नाही आणि फेब्रुवारीत तो एकदम येतो. काही व्हॉट्सअॅपवर, काही वहीच्या कागदावर, तर प्राध्यापकांचे लेख हमखास श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग संपादक मंडळातील विद्यार्थी सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभे राहून फोटो जरा डावीकडे घ्या, मथळा थोडा मोठा करा, असे सांगत राहतात. हे काम विद्यार्थ्यांच्याच हातात द्यावे, या विचाराने आमच्या मंडळाने कॅनव्हा ही ऑनलाइन मांडणी-सेवा वापरायला घेतली. हे परीक्षण मुख्यतः त्या कामापुरते आहे. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या जाहिराती आणि सणांच्या शुभेच्छा यांसाठी ती कशी आहे हे पुण्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज सकाळी दिसतेच.

कॅनव्हाचे गुण आणि उणिवा दोन्ही समजण्यासाठी ती कोठून आली हे पाहणे उपयोगाचे आहे, कारण तिचा जन्मच शाळेच्या वार्षिकांतून झाला. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मेलनी पर्किन्स ही तरुणी युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिकत असताना इतर विद्यार्थ्यांना मांडणीची सॉफ्टवेअर शिकवत असे. कोणते बटण कोठे आहे एवढे कळण्यातच शिकणाऱ्यांचे अर्धे सत्र जाते, हे तिने तेथे पाहिले. सगळ्या प्रकारच्या मांडणीला हात घालण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिने आणि तिचा साथीदार क्लिफ ओब्रेख्त याने २००७ च्या सुमारास एकच काम निवडले : शाळांची वार्षिक पुस्तके. फ्यूजन बुक्स या त्यांच्या कंपनीचे कार्यालय म्हणजे मेलनीच्या आईच्या घराची बैठकीची खोली. शाळेतील मुलांनी आणि शिक्षकांनी संकेतस्थळावर एकत्र बसल्यासारखी पाने लावायची आणि कंपनीने ती छापून पोहोचवायची, अशी ती व्यवस्था होती. पुढे सगळ्याच मांडणीसाठी असे साधन करावे म्हणून भांडवल मागायला सुरुवात झाली, तेव्हा शंभराहून अधिक गुंतवणूकदारांनी नकार दिला. गूगलमध्ये काम केलेला कॅमेरॉन अॅडम्स तिसरा संस्थापक म्हणून आल्यावर २०१३ मध्ये कॅनव्हा लोकांसाठी खुले झाले. पर्थ हे खरे तर आपल्याच हिंदी महासागराच्या काठचे गाव. कंपनी वाढली ती मात्र पॅसिफिकच्या बाजूला, सिडनीत. २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी तिचे मूल्य ४० अब्ज डॉलर धरले होते.

आशिया-पॅसिफिक पट्ट्यात विद्यार्थ्यांनी उभारलेल्या इतर कंपन्याही अशाच एखाद्या अगदी नेमक्या कामातून निघालेल्या दिसतात. हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात शिकताना फ्रँक वाँग याने छोट्या हेलिकॉप्टरला हवेत स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रकावर प्रकल्प केला, आणि २००६ मध्ये शेनझेनमध्ये सुरू झालेली डीजेआय आज ड्रोनच्या बाजारात आघाडीवर आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तिघांनी २०१२ मध्ये कॅरोसेल काढले, ते वापरलेल्या वस्तू मोबाइलवरून विकणे सोपे व्हावे म्हणून. पुण्यालाही हे नवे नाही. कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायातून आणि धाकटे बंधू संजय यांनी शिकत असतानाच लिहिलेल्या अँटिव्हायरसमधून क्विक हील उभी राहिली. अशा वस्तूंचे परीक्षण करताना ज्या कामासाठी ती बनली त्या कामात ती कशी चालते आणि त्याबाहेर कशी, हे वेगवेगळे पाहावे लागते. कॅनव्हाच्या बाबतीत तर हा भेद फारच स्पष्ट आहे.

ज्या कामासाठी ती बनली, म्हणजे मांडणी न शिकलेल्या अनेक हातांनी मिळून एक पुस्तक लावणे, त्यात ती उत्तम आहे. एकाच फाइलवर अनेक विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतात, प्रत्येकाचा कर्सर त्याच्या नावासह इतरांना दिसतो आणि शिक्षकाला पानावरच टिप्पणी लिहिता येते. एनएसएसच्या शिबिराची पाने एकीने कोथरूडमधून लावावीत, क्रीडा विभागाची दुसऱ्याने हडपसरमधून, आणि मार्गदर्शकाने रात्री घरी बसून ती पाहावीत, हे सहज जमते. कोणाला केवळ पाहण्याचा, कोणाला टिप्पणीचा आणि कोणाला बदल करण्याचा अधिकार द्यायचा हे ठरवता येते. ही सोय पहिल्याच दिवशी नीट लावून घ्यावी, कारण सर्वांना सर्व अधिकार दिले तर अध्यक्षांच्या मनोगताचा रंग दर तासाला बदलतो. फोटो उचलून चौकटीत टाकला की तो चौकटीच्या आकारात आपोआप बसतो, त्यामुळे स्नेहसंमेलन, सहली, पारितोषिक वितरण यांची छायाचित्रांची पाने एका संध्याकाळी उभी राहतात. ज्या मुलामुलींनी कधी मांडणीचे सॉफ्टवेअर उघडलेही नव्हते, त्यांना शिकवण्यासाठी वेगळा वर्ग घ्यावा लागला नाही, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे यश वाटते.

या सोपेपणाची किंमतही आहे. तयार टेम्प्लेट, म्हणजे मांडणीचे साचे, इतके हाताशी असतात की विद्यार्थी आधी टेम्प्लेट निवडतात आणि मग त्यात बसेल असा मजकूर शोधतात. परिणामी शहरातल्या तीन महाविद्यालयांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली, तर तिन्हीवर तेच जलरंगाचे ओघळ आणि तीच पाने-फुले दिसण्याची शक्यता पुष्कळ. टेम्प्लेटची संख्या अफाट असली तरी मराठी वळणाची निवड त्यात तोकडी आहे. यावर उपाय एकच : मुखपृष्ठाचे चित्र कोऱ्या पानावर, स्वतः काढलेल्या किंवा टिपलेल्या प्रतिमेवरून करावे आणि टेम्प्लेट फक्त आतल्या छायाचित्रांच्या पानांना वापरावे.

आता मराठीविषयी, आणि येथे जरा थांबणे आवश्यक आहे. कॅनव्हाचे संकेतस्थळ मराठीतही उपलब्ध आहे. मुक्त, हिंद, कलम, बलू, पॉपिन्स असे युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणाऱ्या अक्षरसंकेत-पद्धतीचे) देवनागरी फॉन्ट तेथे मिळतात, आणि त्यांतले पहिल्या प्रतीचे कित्येक आपल्याकडच्याच अक्षरकारांचे आहेत. मुक्त आणि बलू तर मुंबईच्या एक टाइपचे. जोडाक्षरे नीट उमटतात. अडचण निराळीच आहे. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हवा असेल तर बहुतेक फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगून ते वळण बदलण्याची सोय या सेवेत नाही. ज्याला हे खटकते (आमच्या मराठी विभागाला खटकतेच) त्याने ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट वापरावा; त्यात ही अक्षरे मराठी वळणाची आहेत. गंमत म्हणजे तो बनवणारी टिरो टाइपवर्क्स ही संस्थाही पॅसिफिकच्याच काठची, कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाची आहे. स्वतःजवळचा फॉन्ट कॅनव्हात चढवण्याची सोय मात्र पैसे भरणाऱ्यांनाच आहे.

श्रीलिपीतील मजकूर येथे थेट चिकटवला तर तो वाचता येत नाही, कारण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टची अंतर्गत रचना युनिकोडपेक्षा वेगळी आहे. हा दोष कॅनव्हाचा नव्हे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने युनिकोडचा प्रसार होण्याआधी महाराष्ट्रातील छपाईचा प्रश्न ज्या साधनाने सोडवला, त्याच साधनात आपली ज्येष्ठ मंडळी अजून टंकलेखन करतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यानंतर रफार, अनुस्वार आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासावेत. रूपांतरात गडबड होते ती याच ठिकाणी.

खरी मर्यादा लांब लेखांची आहे. कॅनव्हातील मांडणीच्या पानांवर प्रत्येक मजकूर-चौकट स्वतंत्र असते. पहिल्या पानावर न मावलेला मजकूर आपोआप पुढच्या पानावरच्या चौकटीत वाहत जात नाही. आठ पानांच्या लेखात शेवटच्या क्षणी एक परिच्छेद गाळला, तर पुढची सात पाने हाताने सरकवावी लागतात. दोन स्तंभांत दोन्ही कडा सरळ ठेवल्या, तर ‘विद्यार्थिप्रतिनिधींच्या’ असा शब्द ओळीअखेरीस योग्य जागी तुटत नाही आणि आधीच्या ओळीत शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात. तळटिपांचीही व्यवस्था नाही, त्यामुळे संशोधनपर लेखांनी तर तिकडे फिरकूच नये. शाळेच्या वार्षिकात एका पानावर तीन फोटो आणि चार ओळी असतात. आपल्या नियतकालिकात कथा, ललित लेख, अहवाल आणि लांबलचक मुलाखती असतात. जे साधन पहिल्यासाठी घडले त्याने दुसरे तितक्याच सहजतेने करावे ही अपेक्षा बरोबर नाही. लेखांचा भाग इनडिझाइन या व्यावसायिक मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या स्क्राइबसमध्ये लावावा आणि रंगीत विभाग व मुखपृष्ठ कॅनव्हात करावे, ही वाटणी आम्हाला मानवली.

छपाईकडे जाताना दोन गोष्टी पाहाव्यात. पीडीएफ उतरवून घेताना ब्लीड (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर सोडलेला जादा भाग) आणि कापणीच्या खुणा मोफत खात्यातही मिळतात, पण छापखान्याला लागणारी सीएमवायके (चार शाईंची) रंगपद्धती केवळ सशुल्क खात्यात आहे. आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीच्या, फाइलमधला झगझगीत निळा कागदावर मंदच उतरतो, म्हणून एक छापील नमुना पाहिल्याशिवाय पूर्ण प्रतींना मान्यता देऊ नये.

पैशांचे गणित असे की मोफत खाते शिकण्यासाठी पुरेसे आहे. मुकुटाचे चिन्ह असलेली चित्रे मात्र पैसे भरेपर्यंत पाणखुणेसह येतात. शाळांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांना संपूर्ण सेवा विनामूल्य आहे, पण पदवी महाविद्यालये त्या योजनेत बसत नाहीत. संपादक मंडळाने कामाच्या हंगामापुरते एक-दोन महिन्यांचे सशुल्क खाते घ्यावे, हे परवडते. विद्यार्थ्यांचे पत्ते आणि फोन क्रमांक असलेली यादी तेथे चढवू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. मे २०१९ मध्ये या सेवेतील सुमारे १३.९ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती. हा सल्ला कोणत्याही ऑनलाइन सेवेला लागू आहे.

नियतकालिक संपल्यावर याच मुलांपैकी काहीजण कॅनव्हाकडे दुसऱ्या कामासाठी वळतात. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या भाऊ इन्स्टिट्यूटसारख्या नवउद्योगांना आधार देणाऱ्या ठिकाणी किंवा पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील व्हेंचर सेंटरमध्ये आपली कल्पना मांडायची, तर दहा-बारा स्लाइडचे सादरीकरण लागते, आणि त्यासाठी हे साधन योग्य आहे. विशेषतः आकडे तक्त्यांत दाखवण्याची सोय चांगली आहे. बोधचिन्हाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. कॅनव्हाच्या संग्रहातील चित्रे कोणालाही वापरता येतात, त्यामुळे ती घेऊन केलेल्या बोधचिन्हावर ट्रेडमार्क म्हणून एकट्याचा हक्क सांगता येत नाही, असे तिच्या परवान्याच्या अटींतच आहे. व्यवसाय नोंदवण्याच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याने बोधचिन्ह साध्या आकारांतून आणि अक्षरांतून स्वतः घडवावे, किंवा अभिनव कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मित्राकडून रीतसर मोबदला देऊन काढून घ्यावे, आणि त्या मित्राकडून हक्क आपल्याकडे दिल्याचा कागद लेखी घ्यावा.