आईच्या घरी बसवलेला सेन्सर संच: दाराचा भरवशाचा, खोलीचा उन्हात मंद

माझी आई वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत खणखणीत. मी पुण्यात. निघायचं म्हटलं तर अख्खी रात्र गाडीत जाते. म्हणून हा संच घेतला: दारांना लावायचे दोन सेन्सर, खोलीतली हालचाल टिपणारा एक, गळ्यात घालायचं मदतीचं बटण, सगळ्यांना जोडणारा हब आणि एक कॅमेरा. साडेसात हजारांच्या आसपास पडला. असे संच बाजारात कितीतरी नावांनी मिळतात. म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही, गावच्या घरात यातलं काय चालतं ते लिहिते.

कॅमेरा घरात नको, हे आईनं बसवतानाच सांगितलं. "माह्या जेवण्या-झोपण्याकडं तू तिकून पाहत बसशीन काय वं?" तिचं म्हणणं मला पटलं. कॅमेरा ओट्यावर, अंगणाकडे तोंड करून लावला. फाटकाशी कोण आलं तेवढं दिसतं. आईवडिलांची मनापासून हो नसेल तर आतल्या खोलीत कॅमेरा लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पैसे खऱ्या अर्थानं वसूल झाले ते दाराच्या सेन्सरवर. यात दोनच तुकडे असतात. लोहचुंबक फळीवर, सेन्सर चौकटीवर. दोघं लांब गेले की दार उघडल्याचा निरोप फोनवर येतो. आमचं मागचं दार जुनं सागवानी, दोन फळ्यांचं, आणि फळी-चौकटीत चांगली फट. त्यामुळे दार लावलेलं असतानाही ॲप 'उघडं' म्हणत होतं. गावातल्या सुतारानं चौकटीवर लाकडाची एक पट्टी ठोकून दिली, दोन्ही तुकडे समोरासमोर आणले आणि प्रश्न मिटला. पावसाळ्यात फळी फुगली तरी अडलं नाही.

आई पहाटे पाचच्या सुमारास मागचं दार उघडून न्हाणीकडे जाते. तो निरोप आला की माझ्या जिवात जीव येतो. दिवसभरात दुसरं काही कळलं नाही तरी चालतं.

पण संचाची मोठी उणीवही इथेच आहे. दार उघडलं की कळवायची सोय आहे. सकाळी सातपर्यंत उघडलंच नाही तर कळव, असं या ॲपमध्ये लावता येत नाही. मला तर नेमकं तेच हवं होतं. शिवाय निरोप आला नाही याचे अर्थ दोन होतात: आई उठली नाही, किंवा गावातली लाइन गेली. अशा वेळी ॲप उघडून आधी हब बघायचा. 'ऑफलाइन' दिसला तर वीज नाहीतर नेट गेलंय. हब चालू आहे आणि दाराचा निरोप नाही, तर लगेच आईला फोन, तिनं उचलला नाही तर शेजारच्या काकूंना. घराची एक किल्ली त्यांच्याकडे कायम असते. किल्ली देण्याजोगं शेजारी कोणी नसेल तर हा संच घेऊन उपयोग नाही. पुण्यात बसून मी फक्त काळजी करू शकते, दार काकूच उघडणार.

विजेचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हबही त्यावरच चालवला. आमच्याकडे दोन-तीन तास निभावतं. सिमवर चालणारा राउटर माजघरात ठेवला तर रेंज नाही, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवला तर येते. बाहेरच्या तारा भिंतीला पक्क्या ठोकून घ्या, कवेलूंवर वानरं उतरली की लोंबती तार राहत नाही.

आता खोलीतल्या सेन्सरबद्दल. पुढे सांगते त्यातलं वेष्टणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. हा सेन्सर माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता ओळखतो, म्हणजे अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, दुपारी भिंतीच अंगाइतक्या तापतात. फरकच उरला नाही तर तो ओळखणार काय? आई माजघरात धान्य निवडत बसलेली आणि ॲपमध्ये 'हालचाल नाही'. कूलरच्या खोलीत तोच सेन्सर नीट चालला, फक्त पडदा हलणार नाही अशा कोपऱ्यात लावावा लागला. रात्री आणि हिवाळ्यात तक्रार नाही. पण उन्हाळ्यातल्या दुपारी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ऊन लागण्याची भीती सगळ्यात जास्त तेव्हाच, याच्यावर विसंबू नका.

बटण घरापुरतंच चालतं, वावरात नाही. दाबल्यावर फोन लागत नाही, नुसता निरोप येतो. त्यामुळे माझ्या आणि काकूंच्या, दोघींच्या फोनमध्ये त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळलं आणि आवाज बंद असतानाही वाजेल असं करून ठेवलं. हे केलं नाही तर रात्रीचा निरोप सकाळी दिसेल. संच स्वतःहून कुठल्याच सरकारी क्रमांकाला फोन करत नाही. ॲम्ब्युलन्ससाठी 108, तातडीच्या मदतीसाठी 112 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567, हे तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या फोनजवळ चिकटवलेत.

विक्रेत्याची सेवा यथातथाच. मदत क्रमांकावर मराठी बोलणारं कोणी भेटलं नाही, आणि ॲपही इंग्रजीतच आहे.

दुसरा दार-सेन्सर सध्या पुढच्या दाराला आहे, पण त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ते दार दिवसभर उघडंच असतं. तो काढून न्हाणीच्या दाराला लावायचं ठरलंय. पाय घसरायची भीती तिथेच सगळ्यात जास्त. आत गेलेली आई बराच वेळ बाहेर आली नाही तर ॲप आपणहून कळवणार नाही, पण दार पुन्हा उघडल्याचा निरोप आला नाही हे निदान माझ्या लक्षात येईल. आईनंही होकार दिलाय. दिवाळीत गेले की पहिलं काम तेच.