हायड्रोजेल ड्रेसिंग शीट: गारवा मस्त, पण कोपरावर चिरली

आईचं कोपर तापलेल्या तव्याला लागलं, डॉक्टरांनी हायड्रोजेल शीट (भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या जेलची पट्टी) लावायला सांगितली म्हणून मेडिकलमधून ही 10 बाय 10ची आणली. आधी चांगलं सांगते, गारवा एकदम मस्त, आग लगेच कमी झाली आणि काढताना जखमेला अजिबात चिकटत नाही. आधीची पट्टी काढताना आई ओठ घट्ट मिटून बसायची, ते थांबलं, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं.

पण कोपर दिवसभर दुमडतं ना. पाकिटावर तीन दिवस टिकते लिहिलंय, आणि शीट ताणली जाते हे खरंय, उरलेला तुकडा मी दुप्पट ओढला तरी तुटला नाही. तरी दुसऱ्या दिवशी जिथे मी कात्री अर्धवट थांबवली होती तिथे बारीक चीर दिसली, आई पोळ्या लाटत होती, हात वाकेल तशी चीर सरकत रात्रीपर्यंत पार मध्यापर्यंत गेली.

मी पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ, जेल त्यांचंच असतं) शिकतेय म्हणून सांगते, एका झटक्यात न तुटणं वेगळं आणि पुन्हापुन्हा ताणून टिकणं वेगळं. 2012मध्ये हार्वर्डमध्ये अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलअमाइड या दोन पॉलिमरचं जेल केलं होतं, जवळपास 90 टक्के पाणी, तरी 20 पट ताणलं जायचं, फाडायला चौरस मीटरला 9000 ज्यूल ऊर्जा लागायची. त्यात साखळ्यांना जोडणाऱ्या कॅल्शियमच्या गाठी आधी सुटतात, जोर तिथेच खर्च होतो आणि लांब साखळ्या वाचतात. पण सुटलेल्या सगळ्या गाठी लगेच परत बसत नाहीत, मग पुढच्या प्रत्येक ताणाला चिरेच्या टोकाशी साखळ्याच तुटत जातात, आणि चीर हळूहळू सरकायला 100 ज्यूलसुद्धा लागत नाहीत. 2019मध्ये एमआयटीवाल्यांनी पीव्हीए नावाच्या दुसऱ्या पॉलिमरच्या जेलमध्ये बारीक स्फटिक वाढवून हा चीर सरकण्याचा आकडा 1000पर्यंत नेला. ही शीट त्यातल्या कुठल्याच जेलची नाही, पण चीर वाढते ती अशीच.

त्यात कडा उघड्या राहिल्या की पाणी उडून त्या कडक होतात, मग चिरायला वेळ लागत नाही. म्हणून कापताना शीटचे कोपरे गोल ठेवा, कडेला खाच अजिबात राहू देऊ नका, वरून पट्टी नीट गुंडाळा.

दंड, पाठ अशा सपाट जागेला बिनधास्त घ्या. गुडघा कोपर असेल तर आत जाळी असलेली मागा, आम्ही नंतर तीच आणली, थोडी महाग पडली पण पोळ्या लाटूनही तिसऱ्या दिवशी अख्खी निघाली.