सीएसआरच्या ४८ लाखांपायी आमच्या वसतिगृहाचे १,५४,२०० गेले

संस्था चालवणाऱ्या, निधीसाठी दारोदार फिरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचे, ४८ लाख मिळवून देतो म्हणत एका मध्यस्थाने आमचे पैसे लाटले. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण वकील म्हणतात गुन्हा नोंदवला जाईपर्यंत लिहू नका. आणि गुन्हा नोंदवून घ्यायला कुणी तयार नाही.

आधी आकडे. 'फाइल प्रोसेसिंग' ११,८००. प्रकल्प अहवाल ३५,४००. 'इम्पॅक्ट असेसमेंट', म्हणजे कामाचा परिणाम मोजणं, ५९,०००. मंजूर रकमेच्या एक टक्का अनामत, म्हणे परत मिळणारी, ४८,०००. एकूण १,५४,२००. पहिल्या तिन्ही पावत्यांवर १८ टक्के जीएसटी रीतसर दाखवलेला. कर लावलेली पावती हातात पडली की आपली माणसं निर्धास्त होतात, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आमची संस्था बीड जिल्ह्यातली. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली मुलं आम्ही सांभाळतो. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. तेवढ्या महिन्यांचा किराणा, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, इमारतीचं भाडं. गावातून ज्वारी येते, पुण्यात नोकरीला लागलेली आमचीच जुनी मुलं महिन्याला ५०० रुपये पाठवतात, तालुक्यातले दोन-चार डॉक्टर आणि अडते देतात. रोख २,००० च्या वर दिले तर देणगीची आयकर सवलत नाही असं सांगितलं की अडत्याचा हात खिशातच थांबतो. शिवाय ३१ मेच्या आत देणगीदारांची माहिती आयकर खात्याकडे भरा, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये भरा. ही सगळी कारकुनी मी करतो. मी खजिनदार. आयुष्य बँकेत गेलं, लोकांच्या सह्या तपासण्यात. त्यामुळे 'तुम्हाला कसं कळलं नाही' हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय की विचारू नका.

सांगतो का कळलं नाही. पुण्यातल्या 'सीएसआर निधी कसा मिळवावा' या कार्यशाळेत हा माणूस भेटला आणि त्याचं नव्वद टक्के बोलणं खरं होतं. कंपनी कायद्याचं कलम १३५, सीएसआर कोणत्या कंपनीला लागू (नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी), किती द्यायचा (मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के). सगळं तोंडपाठ आणि बिनचूक. आमचं १२ए आणि ८०जी (आयकराच्या नोंदण्या), दर्पण (संस्थांचं सरकारी पोर्टल), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं आधीच झालेलं, म्हणून आम्हीच त्याला सोयीचे. ज्यांचं झालेलं नाही त्यांच्याकडून तो त्याचेही वेगळे पैसे घेतो. दर्पणची नोंदणी फुकट आहे. सीएसआर-१ ला सरकारी शुल्क नाही, सीएच्या सहीचे काय लागतील ते.

आता ती गोष्ट, जी रात्री डोळ्याला डोळा लागू देत नाही. निधी देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणून एक जण 'पाहणी'ला आला. पिठलं-भाकरी खाल्ली, मुलांबरोबर फोटो काढले, मावशींना नाव विचारलं. मी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, किर्द, खतावणी, बँकेची पासबुकं टेबलावर मांडून ठेवली होती. त्याने एकही वही उघडली नाही. एकही! दोन पोती ज्वारी देणारा आमचा अडतीसुद्धा विचारतो की मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा. आणि ४८ लाख देणारी कंपनी विचारत नाही? मला उलट बरं वाटलं, मोठ्या मनाची माणसं म्हणून. अध्यक्षांना तसं बोलूनही दाखवलं.

त्या पाहणीनंतर ५९,००० मागितले. आता माहीत आहे ते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! इम्पॅक्ट असेसमेंट ही कंपनीची जबाबदारी असते, संस्थेची नाही. तीही ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिची, १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पासाठी, आणि प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष लोटल्यावर. आमचा प्रकल्प ४८ लाखांचा आणि सुरूच झालेला नव्हता. परिणाम कशाचा मोजणार होते, पिठल्याचा?

मंजुरीपत्र आलं, लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांकही होता. तो 'यू'ने सुरू होत होता. कंपनी तर शेअर बाजारातली, आणि शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा 'एल'ने सुरू होतो. हे एक अक्षर बघायला पैसे लागत नाहीत, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर नाव टाका. आणि फोन करायचा तो पत्रावरच्या नंबरवर नाही, कंपनीच्या वार्षिक अहवालात असेल त्यावर. आम्ही केला तेव्हा अनामत जाऊन बसली होती. त्यांच्या विधी विभागाने दोन ओळींची मेल पाठवली: आमचा कुणी मध्यस्थ नाही.

मग पोलीस ठाणे. "पैसे पुण्यात गेले, पुण्याला जा." नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये, दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी त्यांना छापील कागद दाखवून सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही वकील का?" पुण्यात म्हणाले, स्वतःच्या हाताने चेक दिलेत, ही दिवाणी बाब. आर्थिक गुन्हेवाल्यांना रक्कम लहान, ठाण्याला प्रकरण मोठं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे जाऊन फार दिवस झाले. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. आणि धर्मादाय कार्यालयात आम्हालाच खुलासा मागितला, हा खर्च कोणत्या ठरावाने केला! ठराव आहे. सगळ्या विश्वस्तांच्या सह्या आहेत. चोराला कुणी विचारत नाही, आमच्या वह्या मात्र आता सगळ्यांना बघायच्या आहेत.

एक गोष्ट पोलिसांनी आमच्याविरुद्ध वापरली, तीही लिहितो. अनुदान आल्यावर दहा टक्के रोख परत करावे लागतील असं तो मध्यस्थ फोनवर म्हणाला होता. आम्ही हो म्हटलं नव्हतं. "बघू" म्हटलं होतं. तुम्हीच सांगा, हंगाम तोंडावर आलेला असताना समोरच्याला तिथल्या तिथे कसं तोडायचं? पण या एका "बघू"वर साहेब हसले. त्या कार्यशाळेतल्या आणखी संस्थांचे पैसे गेलेत आणि त्या याच भीतीने गप्प आहेत. बाबांनो, गप्प राहू नका. एकत्र अर्ज दिला तर रक्कम आपोआप मोठी होते.

भरपाई म्हणून मी पेन्शनीतून ६०,००० भरले, उरलेले ९४,२०० बाकीच्या विश्वस्तांनी. एकाने भरले आणि राजीनामा दिला.

खरी कंपनी पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर टाकते, करार करते, नंतर विनियोग प्रमाणपत्र मागते. आधी एक रुपया मागितला की फोन ठेवा. दिले असतील तर त्याच दिवशी १९३०. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर तीच लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा, कलम १७३(४) लिहून. आम्ही पाठवली आहे. पोचपावती आली, उत्तर नाही. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत, त्याच कलमाखाली. त्या कार्यशाळेत बसलेले कुणी असतील तर पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, आमच्या अर्जाला जोडायच्या आहेत.