घटस्फोटाच्या केसेस घेऊ की बाल संरक्षणाच्या? मध्यस्थ होणाऱ्यांसाठी

मेडिएशनचं, म्हणजे मध्यस्थी करून वाद मिटवण्याचं, ट्रेनिंग झालं की हा प्रश्न येतोच, घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या केसेस करायच्या की मुलाला घरात धोका आहे म्हणून सरकारी यंत्रणा मधे पडलीये अशा. मी दोन्ही केलंय. दोन्हीकडे टेबल असतं, टिशूचा बॉक्स असतो, पण काम सारखं अजिबात नाही.

घटस्फोटात समोर दोन माणसं. जुनं उकरून काढतील, एकमेकांकडे बघणारही नाहीत, पण हक्क साधारण सारखे आणि सुट्ट्या, फी, घर, सगळंच बोलता येतं. बाल संरक्षणात एकीकडे आई किंवा बाप आणि दुसरीकडे मूल घरातून नेण्याची ताकद असलेली यंत्रणा. मग सोशल वर्कर, यंत्रणेचा वकील, आईचा वकील, बापाचा वेगळा, मुलाच्या वतीने बोलणारं कोणीतरी, आजी, कधी फॉस्टर पालक, म्हणजे यंत्रणेने मूल तात्पुरतं ज्यांच्याकडे ठेवलंय ते, पण. आठ-दहा माणसं सहज होतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन मध्यस्थ जोडीने बसतात आणि ते बरंच आहे, कारण एकाने बोलणाऱ्याकडे बघायचं आणि दुसऱ्याने गप्प बसलेल्याकडे.

आणि इथे सगळ्यावर तडजोड होत नाही. मूल सुरक्षित असणं ही गोष्ट टेबलावर येतच नाही, 'थोडं तुमचं थोडं आमचं' करायला तो काही फर्निचरचा वाद नाही. मग बोलायचं काय? पालकांनी मुलाला भेटायचं कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, व्यसनमुक्तीचा कोणता कोर्स, तोवर मूल आजीकडे राहू शकतं का, आणि कोर्टात जाणाऱ्या कागदावरचे शब्द. हे शेवटचं नवख्यांना किरकोळ वाटतं पण 'आईने दुर्लक्ष केलं' या तीन शब्दांवर दोन तास गेलेले मी पाहिलेत, आणि ते 'त्या काळात आई एकटीने सांभाळू शकली नाही' असं झालं की तीच बाई पुढच्या दहा गोष्टींना हो म्हणते.

एक उदाहरण, ओळख पटेल असं सगळं काढून. फाइलमध्ये लिहिलेलं की आईने सलग तीन भेटी चुकवल्या, मुलात रस नाही. ती नुसती खाली बघत बसलेली. शेवटी आजी म्हणाली, अहो भेट पाचला असते आणि हिची शिफ्ट सहाला सुटते. खोलीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, म्हणजे विचारलंच नव्हतं कोणी. भेट सातला ठेवली, संपलं. घटस्फोटाच्या केसमध्ये असलं काही पहिल्या दहा मिनिटांत कळतं कारण दोघंही तोंडाने तयार असतात, इथे पालक घाबरलेले असतात, प्रत्येक वाक्य आपल्यावरच उलटेल असं त्यांना वाटतं.

ती भीती अगदीच खोटी पण नाही. सेशनमधलं बोलणं गोपनीय असतं, पण मुलावर झालेला नवा अत्याचार तिथे उघड झाला तर साधारणपणे ते कळवावंच लागतं. घटस्फोटाच्या मेडिएशनलाही बहुतेक ठिकाणी हाच अपवाद असतो, पण तिथे तो क्वचित लागतो, इथे कधीही लागू शकतो, त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं, वकिली भाषेत नाही.

शिवाय घड्याळ. घटस्फोट रेंगाळला तर मोठ्यांचा वेळ जातो. अमेरिकेत 1997 च्या कायद्यानुसार मूल मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं की यंत्रणेला, काही अपवाद सोडून, पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा लागतो. म्हणजे 'पुढच्या महिन्यात बसू' हे इथे सहज म्हणायचं वाक्य नाही.

पैशांचं थोडक्यात, घटस्फोटात पक्षकार फी देतात, स्वतःची प्रॅक्टिस उभी राहते. बाल संरक्षणात बहुधा कोर्ट किंवा एखादा सरकारी कार्यक्रम पैसे देतो, त्यामुळे कामं बजेटवर अवलंबून, आणि पालक तोंडावर विचारतात, 'तुम्ही त्यांचेच ना?' याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

ज्यांना घरच्यांनी मिळून ठरवावं हेच जास्त पटतं त्यांनी न्यूझीलंडची फॅमिली ग्रुप कॉन्फरन्सही बघावी, 1989 च्या कायद्याने आलेली. त्यात अधिकारी माहिती देऊन बाहेर जातात आणि कुटुंब एकटं बसून प्लॅन करतं. मेडिएशनमध्ये मध्यस्थाला मात्र खोलीत बसूनच सगळं ऐकावं लागतं.

माझं मत विचाराल तर सोशल वर्कमधून आलेल्यांना बाल संरक्षणाचं काम सोपं जाईल असं वाटतं पण उलटंच होतं, त्यांना सल्ला देणं थांबवता येत नाही. वकिलांचं दुखणं वेगळं, त्यांना शांतता सहन होत नाही. ज्यांना दोन्ही बाजू समसमान करून द्यायची सवय किंवा हौस आहे त्यांनी घटस्फोटातच राहावं, खरंच. बाकीच्यांनी आधी ताब्याच्या वीसेक केसेस कराव्यात आणि मग अनुभवी मध्यस्थाच्या शेजारची दुसरी खुर्ची मागावी, पहिले दोन-तीन सेशन फक्त गप्प बसलेल्याकडे बघायला.