वडिलांची .२२ रायफल २६,००० रुपयांत घालवली

माझ्या वडिलांची .२२ रायफल मी गेल्या वर्षी २६,००० रुपयांना विकली. पाच महिन्यांत तीच १,७५,००० ला गेली. जो पारख करायला आला त्याला मी वरून रोख ४,५०० मोजले होते. हे लिहिताना अंगाची आग होते आणि लाजही वाटते, कारण मी नवखा नव्हतो. साताऱ्यात कॉलेजला असताना एनसीसीत अशाच रायफलीवर नेम शिकलो. वडील फौजी. त्यांच्या पश्चात परवानाही रीतसर माझ्या नावावर झालेला.

ही ब्रिटिश फौजेची सरावाची रायफल. अंग फौजेच्या मोठ्या .३०३ गोळीच्या ली-एन्फिल्ड रायफलीचं, पण गोळी बारीक .२२, एका वेळी एकच. मॅगझिनचा (गोळ्या भरायच्या पेटीचा) नुसता डबा, त्यात रिकाम्या पुंगळ्या पडतात. वडिलांनी मागे बारीक छिद्राची पार्कर-हेल कंपनीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बसवली होती. २५ यार्डांवर त्यांच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या.

मुलीच्या प्रवेशाची फी ३० जूनपर्यंत भरायची होती. साताऱ्याच्या पावसात लोखंड सांभाळणं म्हणजे रोजचं तेल-चिंधी. म्हणून विकायचं ठरवलं. एका ओळखीच्या माणसाने 'जाणकार' आणला. एकाने भाव पाडायचा आणि दुसऱ्याने माल उचलायचा, हे आपल्याला जमिनीत माहीत असतं, जुन्या गाड्यांत माहीत असतं. इथे मला ते सुचलं नाही. घरात शिरताच त्याने वडिलांच्या फोटोला हात जोडले, तिथेच मी पाघळलो.

नळीच्या तोंडाशी बोट ठेवून तो म्हणाला, "आत दुसरी नळी ठोकलीय, डागडुजी झालीय." अहो, या जातीच्या कित्येक रायफली मुळातच तशा बनल्या! .३०३ ची नळी आतून मोठी करून तिच्यात .२२ ची नळी बसवलेली. हे मला विकल्यावर कळलं. कुणी नळीत दोष दाखवला की त्याच दिवशी हो म्हणू नका.

आणि आता ते, ज्याने मला अजून झोप लागत नाही. रेंजवर गोळी झाडण्याआधी त्याने "लाकूड बघतो" म्हणून ट्रिगर गार्डच्या पुढचा मोठा स्क्रू सैल केला. माझ्या डोळ्यांदेखत. वडील शंभरदा सांगायचे, तो स्क्रू सैल असला की रायफल लाकडात हलते आणि ग्रुप फाकतो, म्हणजे गोळ्या एका जागी न बसता पसरतात. मी बघितलं, आणि "आवळा आधी" एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मोठ्या माणसाला कसं टोकायचं, म्हणून गप्प बसलो. वर त्याने दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या मिसळून झाडल्या. .२२ ला प्रत्येक गोळी मानवतेच असं नाही. दहा गोळ्या चार इंचांत पसरल्या. "नळी गेली, साहेब. भंगाराच्या वर थोडं मिळेल." पार्कर-हेल साइट "नंतर बसवलीय, हिने भाव पडतो" म्हणून त्याने काढून खिशात घातली. तीही पुढे वेगळी १८,००० ला विकली.

परवानाधारक विक्रेताही त्यानेच आणला. शस्त्र विकण्याआधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, तसा अर्ज मीच दिला. म्हणजे फेरतपासणीला कायद्याने पंचेचाळीस दिवस दिले होते! फीच्या तारखेकडे बघत मी ते घालवले. तुम्ही घालवू नका, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नेमबाजाला दाखवा. १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला विलायती बंदूक बाहेरून मागवता येत नाही, म्हणून चांगल्या जुन्या रायफलीला भाव आहे. हे कुणीही सांगितलं असतं.

कळलं ते सांगलीच्या एका नेमबाज मित्रामुळे. त्याच्या ओळखीच्याने नवी घेतली म्हणून फोटो पाठवला, नंबर माझा. बोल्टवरचा (गोळी आत ढकलणाऱ्या खिळीवरचा) आणि अंगावरचा नंबर जुळतोय, म्हणजे जोडी मूळची आहे, हेही त्या 'जाणकारा'ने मला सांगितलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर "सही तुमची, व्यवहार कायदेशीर, दिवाणी मामला आहे." अहो, खोटं सांगून माल काढून घेणं म्हणजेच फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला मलाच विचारलं, "तुमच्याकडे आणखी शस्त्र आहे का?" जणू गुन्हेगार मी! परवान्याच्या खात्यात म्हणाले, किंमत आमचा विषय नाही. मग कुणाचा? चार महिन्यांत अकरा खेपा झाल्या आणि अर्जाची पोच अजून हातात नाही. पोच घेतल्याशिवाय कागद कुठेही सोडू नका.

१,४९,००० भावातले, १८,००० साइटचे, ४,५०० पारखीचे. एकूण १,७१,५००. पारखीचे पैसे मी मोजले, म्हणून ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही. रेंजवर जाण्याआधी मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे, त्यात त्या स्क्रूची खाच नळीला समांतर दिसते. परतल्यावरच्या फोटोत ती आडवी आहे आणि कडेला ताजा, चकचकीत ओरखडा. दोन्ही फोटो छापून फायलीत लावलेत.