लाकडी दट्ट्यापेट्यांचा संच: विकत घेण्याआधी हे तपासा

बालवाडीला एकाच साधनावर मोठा खर्च परवडणार असेल, तर तो माँटेसरी पद्धतीतल्या दट्ट्यापेट्यांवर करावा. चार लाकडी ठोकळे, प्रत्येकात दहा गोल खाचा आणि त्यांत बसणारे, वर गुंडी असलेले दहा दट्टे, म्हणजे भरीव गोल लाकडी तुकडे. एका पेटीत फक्त जाडी बदलते, एकीत फक्त उंची, उरलेल्या दोन्हींत जाडी-उंची दोन्ही. अडीच-तीन वर्षांचं मूल गुंडी तीन बोटांनी धरतं, तेव्हा पेन्सिलीची पकडही आपोआप तयार होत जाते. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत घातला, तर शेवटी एक जाडा दट्ट्या उरतो आणि तो कुठेच जात नाही. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, ताईंना बोलावं लागत नाही.

म्हणूनच सगळी मदार कातकामावर, म्हणजे लेथवर लाकूड गोल तासण्याच्या कामावर आहे. दट्ट्या खाचेत सोडला की स्वतःच्या वजनाने हळू खाली सरकायला हवा. मग त्याला पाव-पाव फेरा देऊन बघा. एकाच जागी अडकला तर बहुधा ओलं लाकूड वापरलंय, कारण लाकूड सुकताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही आणि गोल दट्ट्या लंबगोल होतो.

उंचीच्या पेटीची परीक्षा वेगळी. तिच्यात कुठलाही दट्ट्या कुठल्याही खाचेत तितक्याच सहज जायला हवा, चूक फक्त वर आलेल्या किंवा आत बुडालेल्या माथ्यावरून कळली पाहिजे. स्वस्त संचांत इथेच घोळ असतो: काही दट्टे घट्ट, काही सैल. मग मूल उंची न बघता घट्टपणावरून जागा ओळखतं. ही पेटी शेवटी द्यावी, ती सगळ्यांत अवघड.

कोकणात पावसाळ्यात दट्टे फुगून अडकतात. पॉलिश पेपरने घासू नका, उन्हाळ्यात तोच दट्ट्या खुळखुळेल. सावलीत वाऱ्यावर सुकवा, खाचेत थोडं मेण चोळा. कडक उन्हात ठेवलं तर पेटीला चीर जाते. गुंडी नुसती डिंकाने चिकटवलेली नको, आत खुंटी हवी.

तळहाताएवढे रंगीत प्लॅस्टिकचे संच मात्र घेऊच नयेत. खाच आणि दट्ट्या एकाच रंगाचे असले की मूल रंग जुळवतं, माप नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघर भागातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, आणि शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साधनं उभी केली. मोजणी-वर्गीकरणाला आजही तीच उत्तम, त्यासाठी पैसे घालवू नका. दट्ट्यापेटी तशी घरगुती बनत नाही, तिला लेथच लागतो.

ऑर्डर देताना सुटा दट्ट्या बदलून मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. एक जरी हरवला तरी ती अख्खी पेटी निकामी होते.